हरलेल्यांचा देव

बाबिलोनच्या राजवाड्याच्या कोठारात मातीच्या काही पाट्या सापडल्या. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे खणून काढलेल्या ढिगाऱ्यात त्या होत्या. त्यांचे वाचन मात्र एर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ साली प्रसिद्ध केले. या पाट्यांवर राजवाड्यातून कुणाकुणाला किती तेल दिले याची कारकुनी नोंद आहे. नावे मिसरच्या, सोरच्या, अश्कलोनच्या माणसांची आहेत, ग्रीक सुतारांची आहेत, आणि त्यातच यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे आहेत. बायबलमध्ये ज्याच्या बंदिवासाची हकिगत येते तो राजा इथे शिध्याच्या यादीतला एक आसामी आहे. कारकुनाला त्याचे दुःख नोंदवायचे कारणच नव्हते.

बायबलने त्या दुःखाचे काय केले, हा या लेखाचा विषय. बंदिवास म्हणजे पापाची शिक्षा, असे उत्तर चर्चच्या व्यासपीठावरून सर्रास मिळते. ते उत्तर बायबलमध्ये आहे, पण एकटे नाही. त्याच्याशी हुज्जत घालणारे आवाजही त्याच ग्रंथात शेजारी शेजारी बसले आहेत आणि संपादकांनी ते पुसून टाकले नाहीत. माझ्या मते बंदिवासाचे धर्मशास्त्र कळायचे तर या हुज्जतीकडेच पाहावे लागते.

आधी घटना. इस्राएल लोकांची दोन राज्ये होती. उत्तरेकडचे इस्राएल अश्शूरी साम्राज्याने बुडवले. राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२च्या सुमारास पडली. अश्शूरी राजा सार्गोन दुसरा आपल्या शिलालेखात सत्तावीस हजारांहून अधिक माणसे उचलून नेल्याचे मिरवतो. अश्शूरची रीत दुहेरी होती. एका प्रांतातली माणसे दुसरीकडे न्यायची आणि तिसरीकडची इथे आणून वसवायची, म्हणजे बंडाला पाळेमुळेच राहू नयेत. उत्तरेचे लोक या घुसळणीत विरून गेले. ‘हरवलेल्या दहा वंशां’च्या दंतकथा पुढे जगभर फिरल्या त्या इथूनच.

दक्षिणेचे यहूदा आणखी सव्वाशे वर्षे टिकले. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि यहोयाखीन राजाला दरबारी, सैनिक, कारागीर यांच्यासकट बाबेलला, म्हणजे बाबिलोनला, नेले. त्याने गादीवर बसवलेल्या सिद्कीयाने बंड केले. मग इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये (अभ्यासकांत एका वर्षाचा वाद आहे) शहर आणि शलमोनाचे मंदिर जाळले गेले. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली आणि नंतर त्याचे डोळे काढले. तिसरी खेप इ.स.पू. ५८२ची. यिर्मयाच्या पुस्तकातल्या आकड्यांची बेरीज ४,६०० होते, तर राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एका खेपेलाच दहा हजार सांगितले आहेत. आकडा कोणताही धरला तरी देश रिकामा झाला नव्हता. नेली गेली ती वरची साय.

त्या काळच्या जगाच्या हिशेबात आता प्रश्न सुटला होता. ज्याचे मंदिर जळाले तो देव हरला, बाबिलोनचा देव मर्दुक जिंकला, यहोवाचे नाव संपले. तसे झाले नाही. का झाले नाही, हेच या विषयाचे मर्म आहे.

पहिले उत्तर सर्वांत परिचित. अनुवाद ते राजे या पुस्तकांच्या सलग इतिहासाचा सूर असा की मर्दुक जिंकलेला नाही; आपण करार मोडल्याबद्दल आपल्याच देवाने आपल्याला परक्याच्या हाती दिले. मार्टिन नोट या जर्मन विद्वानाने १९४३ मध्ये मांडले की हा सगळा इतिहास बंदिवासाच्या काळातच एका हाताने रचला. एक हात की अनेक, यावर अजून वाद आहे, पण पुस्तकांचा शेवट बंदिवासात होतो हे कुणी नाकारत नाही. मात्र ‘देव रागावला म्हणून हरलो’ ही कल्पना एकट्या यहूदाची नव्हती, आणि प्रवचनांत हे क्वचितच सांगितले जाते. शेजारच्या मवाबचा राजा मेशा याचा इ.स.पू. नवव्या शतकातला शिलालेख १८६८ मध्ये सापडला. त्यात मवाबचा देव कमोश आपल्याच भूमीवर रागावला म्हणून इस्राएलने तिला छळले, असे म्हटले आहे. फरक एवढाच, पण तो मोठा आहे. मेशाने ते जिंकल्यावर लिहिले. देवाचा राग उतरला, गेलेले परत आले, मग दगड कोरला. यहूदाच्या लेखकांनी ते हरलेल्या अवस्थेत लिहिले. ना राजा होता, ना मंदिर, ना राग उतरल्याची खूण.

शिवाय त्यांचा हिशेब जुळतही नव्हता. मूर्ती फोडणारा, नियमशास्त्र पाळणारा, राजांमध्ये सर्वांत नीतिमान असा योशीया इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला मिसरच्या फारोच्या हातून मेला. राजांचे पुस्तक याचे खापर त्याच्या आजोबा मनश्शेच्या पापांवर फोडते. लोकांनाही हे खटकले असावे. बापांनी आंबट द्राक्षे खावीत आणि दात मुलांचे आंबावेत, अशा अर्थाची म्हण तेव्हा रूढ झाली होती. यिर्मया आणि यहेज्केल दोघेही ती म्हण मोडीत काढायला निघतात. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायाचा सगळा रोख असा की ज्याचे पाप त्यालाच भोगावे लागेल, मुलाला बापाचे नाही. एकाच पवित्र ग्रंथात एक लेखक आजोबांकडे बोट दाखवतो आणि दुसरा तसे बोट दाखवायलाच मनाई करतो.

विलापगीत हे छोटे पुस्तक तर हिशेबाची वहीच मिटवून ठेवते. पाच कविता, त्यांतल्या चार इब्री वर्णमालेच्या क्रमाने बांधलेल्या. वेदनेला एवढी कडक शिस्त लावली ती बहुधा ती वाहून जाऊ नये म्हणून. या कवितांत पापाची कबुली आहे, पण भुकेने आपलीच मुले शिजवणाऱ्या आयांचे चित्र समोर ठेवून कवी देवालाच विचारतो की हे तू कुणाशी केलेस ते पाहा तरी. पुस्तकाचा शेवट देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, या शंकेवर होतो. यहुदी सभास्थानांत हे पुस्तक वाचताना शेवटचे वचन झाल्यावर त्याच्या आधीचे आशेचे वचन पुन्हा म्हणण्याची प्रथा आहे. लोकांना तो शेवट पेलवला नाही, आणि तरीही कुणी तो खोडला नाही. मला ही गोष्ट अनेक जाडजूड टीकाग्रंथांपेक्षा बोलकी वाटते. १३७वे स्तोत्र त्याहून अवघड. परक्या नदीकाठी गाण्याचा हुकूम झालेल्या कैद्यांच्या त्या गीताचा आरंभ सगळे जग जाणते. त्याच्या अखेरच्या ओळींत बाबेलच्या तान्ह्या मुलांविषयी जी इच्छा व्यक्त होते ती मात्र बहुतेक गायनसंग्रह गाळतात. गाळू नये. बंदिवासाने माणूस आपोआप थोर होत नाही, हेही बायबलने लिहून ठेवले आहे.

आता यहेज्केल. तो याजक होता आणि पहिल्या मोठ्या खेपेत गेलेला, म्हणजे मंदिर अजून उभे असताना मंदिरापासून तुटलेला. बाबेलच्या मुलखातल्या कबार कालव्याकाठी, इ.स.पू. ५९३च्या सुमारास त्याला दृष्टांत झाला. देवाचे सिंहासन, आणि त्याला चाके. आत चाके, बाहेर चाके, डोळ्यांनी भरलेली चाके. या चित्राची पुढे अनेकांनी नाना प्रकारे उकल केली, अवकाशयानापर्यंतही मजल मारली. त्याचा साधा अर्थ त्या कालव्याकाठच्या माणसांना लगेच कळला असणार. देवाचे आसन हलते. तो यरुशलेमला जखडलेला नाही. पुढच्या अध्यायांत तेच तेज मंदिर सोडून पूर्वेकडे जाते, म्हणजे जिकडे कैदी आहेत तिकडे. परक्या देशात मीच थोडा काळ तुमचे पवित्रस्थान झालो, असे देव म्हणतो. इथे एका प्रादेशिक देवाचा सर्वत्र असणारा देव होण्याचा रस्ता उघडतो, आणि तो विजयातून नव्हे, जळालेल्या मंदिराच्या राखेतून. शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम यांना बंदिवासात जे वजन आले त्याचेही कारण हेच. देश नसतानाही या गोष्टी सोबत नेता येतात.

यिर्मया यरुशलेमातच राहिला होता. तिथून त्याने बाबेलच्या कैद्यांना पत्र पाठवले. ते एकोणतिसाव्या अध्यायात आहे. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा तेव्हा सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील. असे सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक तिथेच मरणार. म्हणून घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहराने तुम्हाला पकडून नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचे भले आहे. शत्रूच्या राजधानीसाठी प्रार्थना करा असे सांगणारा असा दुसरा मजकूर प्राचीन पश्चिम आशियातून मला माहीत नाही.

लोकांनी हा सल्ला कितपत ऐकला? मातीच्या पाट्या पुन्हा मदतीला येतात. ‘आल-याहुदू’, म्हणजे यहूदानगर, अशा नावाच्या बाबेलच्या मुलखातल्या एका वस्तीच्या पाट्या पुरावस्तूंच्या बाजारातून संग्राहकांकडे पोहोचल्या. लॉरी पीअर्स आणि कॉर्नेलिया वुन्श यांनी २०१४ मध्ये त्यांतल्या शंभराहून अधिक प्रसिद्ध केल्या. काळ साधारण इ.स.पू. ५७२ ते ४७७. सातू, खजूर, सारा, कर्ज, भागीदारी. यहोवाचे नाव अंगी असलेली माणसे, आणि पिढ्यांनंतर काही बाबिलोनी नावेही. त्या नेमक्या कुठे खणल्या गेल्या ते ठाऊक नसल्याने त्यांचा अर्धा इतिहास चोरांनी नेला, ही खंत राहतेच. पण त्यांतून दिसणारे जीवन साखळदंडांचे नाही, ते राजाच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांचे आहे. निप्पूरच्या मुराशू घराण्याच्या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या दप्तरातही यहुदी नावे भेटतात. परतीचा दरवाजा उघडल्यावरही ही माणसे तिथेच होती.

तो दरवाजा उघडला इराणच्या कोरेशाने. इ.स.पू. ५३९ मध्ये त्याने बाबिलोन घेतले. यशयाच्या पुस्तकाचे चाळीस ते पंचावन्न हे अध्याय या काळातल्या एका अनाम कवीचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो कवी कोरेशाला परमेश्वराचा अभिषिक्त म्हणतो. ही पदवी दाविदाच्या गादीवर बसणाऱ्याची. इथे ती परमेश्वराला ओळखतही नसलेल्या परक्या सम्राटाला दिली आहे. १८७९ मध्ये होर्मुझ्द रस्साम यांना बाबिलोनमध्ये सापडलेल्या कोरेशाच्या मातीच्या नळकांड्यावर मात्र त्याला निवडल्याचे श्रेय मर्दुकाचे, यहुद्यांचा उल्लेखही नाही. एकाच विजयावर दोन देवांचे दावे. पण दुसरा कोणी देव नाहीच, हे इतक्या स्पष्ट शब्दांत इब्री बायबलमध्ये प्रथम याच कवीने सांगितले, आणि सांगितले ते सत्ता, सैन्य, मंदिर यांपैकी काहीही हाती नसताना. त्याच अध्यायांत दुःख सोसणाऱ्या सेवकाची गीते येतात. त्रेपन्नाव्या अध्यायातला सेवक स्वतःच्या पापासाठी नव्हे, इतरांसाठी सोसतो. म्हणजे शिक्षेचे गणित इथे आतूनच फुटते. हा सेवक कोण, इस्राएल लोक की एखादा संदेष्टा, यावर यहुदी आणि ख्रिस्ती परंपरांचे रस्ते वेगळे झाले.

इथवरचा सगळा आवाज गेलेल्यांचा आहे. राहिलेल्यांचे काय? यिर्मयाच्या चोविसाव्या अध्यायात अंजिरांच्या दोन टोपल्या आहेत. चांगली अंजिरे म्हणजे बाबेलला गेलेले, सडकी म्हणजे मागे राहिलेले. मागे राहिलेले गरीब, द्राक्षमळे आणि शेते कसणारे, ‘भूमी आता आमची’ असे म्हणत होते. यहेज्केल त्यांना झापतो. इतिहासाचे दुसरे पुस्तक तर भूमी सत्तर वर्षे ओसाड पडून आपले शब्बाथ पाळत होती असे सांगते. नॉर्वेचे हान्स बार्स्टाड यांनी १९९६ मध्ये ‘रिकाम्या भूमीची दंतकथा’ म्हणून यावर बोट ठेवले. यरुशलेम उद्ध्वस्त झाले खरे, पण उत्तरेकडच्या बन्यामीन प्रदेशात, मिस्पाच्या परिसरात वस्ती चालू राहिल्याचे उत्खननांत दिसते. बायबलचे बंदिवासशास्त्र ज्यांनी लिहिले त्यांचा जमिनीवर दावा होता, हे विसरून ते वाचणे भाबडेपणाचे आहे. एज्राच्या पुस्तकात परतलेल्या मंडळींनी परक्या बायकांना मुलांसकट घालवून दिल्याची यादी येते. कालचे निर्वासित आज दुसऱ्यांना दारातून बाहेर काढतात, आणि ते शास्त्राच्या नावाने. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायातला परक्यांना मंदिरात घेणारा आवाज आणि मवाबी सुनेला दाविदाची पणजी ठरवणारे रूथचे पुस्तक ही त्याला दिलेली उत्तरे असावीत, असे काही अभ्यासक मानतात. मलाही ते पटते.

परत आल्यावरही बंदिवास संपला नाही. दुसरे मंदिर इ.स.पू. ५१५ मध्ये पुरे झाले. त्याचा पाया घातला तेव्हाच जुने मंदिर पाहिलेले म्हातारे रडले होते. नहेम्याच्या नवव्या अध्यायात लोक कबूल करतात की पूर्वजांना दिलेल्या याच भूमीवर आम्ही आज गुलाम आहोत. दानीएलाच्या पुस्तकात सत्तर वर्षांची सत्तर सप्तके होतात, मुदत वाढत जाते. एन. टी. राइट या इंग्रज विद्वानाने १९९२ पासून मांडलेला सिद्धान्त यावरच उभा आहे. पहिल्या शतकातले अनेक यहुदी स्वतःला अजून बंदिवासातच समजत होते, आणि येशूने जाहीर केलेले राज्य म्हणजे त्या बंदिवासाचा शेवट. उधळ्या पुत्राची गोष्टही ते अशीच वाचतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातली वंशावळ या मताला बळ देते. अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचा बंदिवास, बंदिवास ते ख्रिस्त, अशा चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन भागांत बंदिवास हा एक सांधा आहे. विरोधकांचे म्हणणे असे की अलेक्झांड्रियात किंवा बाबिलोनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदणाऱ्या यहुद्यांना हा दुखरा भाव सरसकट चिकटवता येत नाही. राइट यांची मांडणी देखणी आहे, पण सगळ्या कुलपांना एकच किल्ली लावते.

नव्या करारात पुढे बंदिवास स्थळाचा न राहता स्थितीचा होतो. पेत्राचे पहिले पत्र पांगलेल्या प्रवाशांना लिहिलेले आहे आणि शेवटी बाबेलहून सलाम सांगते; ते बाबेल म्हणजे रोम. इब्री लोकांस पत्रात अब्राहामादी पूर्वज दुसऱ्या, स्वर्गीय देशाच्या शोधातले परके ठरतात. एदेन बागेतून काढलेल्या आदामापासून सगळी मनुष्यजातच मग हद्दपार दिसू लागते. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथात यिर्मयाच्या पत्राचा आधार घेऊन सांगितले की वाटसरू ख्रिस्ती माणसानेही बाबेलच्या शांतीचा उपयोग करावा. तिथून हे रूपक हवे तसे वापरले गेले. पोप अविन्योंला राहिले तो १३०९ ते १३७७चा काळ बाबेलचा बंदिवास म्हणवला गेला. १५२० मध्ये ल्यूथरने खुद्द रोमच्या चर्चनेच संस्कारांना बाबेलमध्ये डांबले असा ग्रंथ लिहिला. १९८९ मध्ये हाउअरवास आणि विलिमन यांनी अमेरिकेतल्या ख्रिस्ती मंडळीने स्वतःला परकी वसाहत समजावे असे मांडले. समाजातली प्रतिष्ठा घसरली म्हणजे बंदिवास झाला, हे मला पचत नाही. त्यापेक्षा डॅनियल स्मिथ-ख्रिस्तोफर यांची वाट खरी वाटते. त्यांनी २००२च्या पुस्तकात आधुनिक निर्वासितांच्या, छावण्यांतल्या माणसांच्या अनुभवांशी बायबल ताडून पाहिले आणि साखळदंड, भूक, अपमान यांना रूपकात विरघळू दिले नाही.

यहुदी परंपरेत बंदिवासाने वेगळे वळण घेतले. इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिर पाडल्यावर तालमूदातल्या रब्बींनी म्हटले की इस्राएल जिथे जिथे हद्दपार झाला तिथे तिथे देवाचे सान्निध्यही त्यांच्यासोबत गेले. यहेज्केलाची चाके अजून फिरतच होती. आव महिन्याच्या नवमीला दोन्ही मंदिरांच्या नाशाचा उपास धरतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी त्याला बिरड्याचा रोजा म्हणत. यरुशलेमच्या राखेचा शोक आणि कोकणी स्वयंपाकघरातले वालाचे बिरडे एका नावात आले. १९४८ नंतर बेने इस्राएलांतले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. शास्त्रानुसार बंदिवास संपला होता. पण तिथल्या भेदभावाने कंटाळलेल्या काहींनी १९५०च्या दशकाच्या आरंभी धरणे धरून आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली, आणि काहीजण खरोखर परत आले. त्यांच्या यहुदीपणावर धर्मगुरूंनी घेतलेल्या शंकेचा वाद १९६४ पर्यंत चालला. ज्यांना वर्षानुवर्षे कोकण हा परमुलूख असे शिकवले होते त्यांना घर कोणते हे ठरवता आले नाही. बायबलमधल्या परतलेल्यांची अडचण याहून फार निराळी नव्हती.

मराठी वाचकाला या विषयात शिरायचे तर टीकाग्रंथांआधी मूळ मजकूर घ्यावा. यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय, विलापगीताची पाचही गीते, एज्राचे शेवटचे दोन अध्याय आणि रूथ, हे एका बैठकीत, याच क्रमाने वाचा. आपल्या चर्चमध्ये किंवा अभ्यासवर्गात कुणी बंदिवासाचा एकच अर्थ सांगू लागले, तर या चार ठिकाणांपैकी तो कोणत्या ठिकाणचा आहे, आणि उरलेल्या तीन ठिकाणांचे काय करायचे, हे जरूर विचारा.